कोशाचं पाखरू

"आई, माझ्या फ्रॉकला टिकल्या कोणी लावल्या?"

मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या पडवीत धावले, ते टिकल्या बघायला नाही. केतकी एक अख्खं वाक्य बोलली होती, म्हणून.

श्रावण होता. कितीतरी दिवस ऊन नव्हतं आणि धुतलेले कपडे पडवीतल्या दोरीवर नुसते लोंबत असायचे, वाळायचं विसरून. त्यातल्या तिच्या पिवळ्या फ्रॉकच्या घेराला खरंच टिकल्या लागल्या होत्या. चपट्या, गोल, बदामी, प्रत्येकीच्या काठाला बारीक तपकिरी रेघ. काही ओळीनं, काही एकमेकींना चिकटून. आणि वर, दिव्याखालच्या भिंतीवर, त्यांची मालकीण बसली होती. माझ्या पंजाहून मोठं, हळदीच्या रंगाचं पाखरू. चारही पंखांवर एकेक गोल काच बसवल्यासारखी. त्या काचेतून पलीकडचा चुना दिसत होता.

मागून सासूबाई आल्या. "माय वं! टसराच्या कोशाचं पाखरू हाय हे. पोरीच्या फ्रॉकावर अंडे घालून ठेवले पाहा ना! झटकून टाक, डाग पडन."

"नको," केतकी म्हणाली.

"अवं, अळ्या निंघतीन त्याच्यातून. घरभर फिरतीन."

"निघू देत."

एका सकाळी दोनदा बोलली. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"ठेव मंग," त्या म्हणाल्या. "फ्रॉक गेला समज."

आम्ही तेव्हा आरमोरीला राहायचो, पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत. हेमंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तिथे बदली झाली होती. सासूबाईंचं माहेर त्याच भागातलं, त्यामुळे त्यांना ते गाव आपलं वाटायचं. मी नाशिकची, बी.एस्सी. झालेली, आणि त्या वर्षी मला कुठलंच गाव आपलं वाटत नव्हतं.

वैशाखात मी नागपूरच्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले होते. मुलगा झाला होता. एक दिवस होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. हेमंतनं तिकडेच सगळं उरकलं. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. बोलायची वेळ आलीच तर 'ते झालं त्यानंतर' असं म्हणायचे, जसा काही नदीला पूर येऊन गेला होता.

केतकी चार वर्षांची. मी निघाले तेव्हा तिच्या तोंडाला कुलूप कसं घालायचं हा प्रश्न होता. परतले तर कुलूप लागलेलंच होतं. काही विचारलं की मान हलवायची. ताटातलं अर्धं टाकायची. शिवाय एक नवंच खूळ निघालं होतं: जेवताना घासभर भात वाटीत काढायची आणि तो देवघरात नेऊन ठेवायची. देवघर म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे सासूबाईंचे देव. त्यांना नातीचं कोण कौतुक! "माझी केतू देवभोळी निंघाली," असं शेजारणींना सांगायच्या. अधूनमधून बाळकृष्ण पालथा पडलेला असायचा, तसबिरी वाकड्या व्हायच्या, तेव्हा मात्र उंदराला शिव्या घालायच्या.

मला कौतुक वाटत नव्हतं. भीती वाटत होती. मी तिची नखं बघायचे, जीभ बघायचे, झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. एक गेलं होतं. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत थोडं थोडं निसटत होतं, आणि नेमकं कुठल्या फटीतून, तेच मला दिसत नव्हतं.

म्हणून त्या अंड्यांसाठी मी जे केलं ते कोणासाठी केलं नसेल. फ्रॉकचा घेर कापून बांबूच्या टोपलीत ठेवला, वर मलमलचं फडकं बांधलं. केतकी टोपलीशी मांडी ठोकून बसली.

"मोजू?"

"मोजू नको," सासूबाई आतून ओरडल्या. "लेकरं कधी मोजू नाही."

अळ्या निघाल्या त्या पावसाच्या एका अंधाऱ्या सकाळी. दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या, काळ्या डोक्याच्या. बाहेर आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल, तर वळून आपापलं टरफल खायला सुरुवात केली.

"आई! स्वतःचंच घर खाल्लं!" केतकी हसली. हसताना तिचा एक दात हलत असल्यासारखा मला वाटला, म्हणून मी लगेच तिचं तोंड उघडून बघितलं. मी तेव्हा तशीच होते.

वसाहतीच्या कुंपणालगत अर्जुनाचं झाड होतं; या अळ्या त्याचाच पाला खातात. छत्रीच्या मुठीनं फांदी ओढून मी कोवळे डहाळे आणायचे, तांब्यात पाणी घालून त्यात ठेवायचे, आणि अळी पाण्यात पडू नये म्हणून तांब्याच्या तोंडाशी वातींचा कापूस कोंबायचे. मग दुपारी आम्ही दोघी पडवीत सतरंजीवर आडव्या व्हायचो. पाऊस थांबलेला असला की ऐकू यायचं: कुरकुर, कुरकुर, कोणीतरी फार दूर बसून कोरा कागद फाडतंय, अगदी सावकाश. त्या आवाजात मला झोप लागायची. वैशाखापासून झोप म्हणजे काय ते मी विसरले होते. पडवीतला उजेड हिरवा असायचा, पानांतून गाळून आलेला, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की आपण घरात नाही, कुठल्यातरी मोठ्या पानाच्या पोटाशी पडलो आहोत, आणि वरून कोणी ते पान हलकेच कातरतंय.

पण अळ्या टिकेनात. सकाळी एखादी मागच्या पायांनी डहाळी धरून, डोकं खाली सोडून लोंबत असायची. मऊ, काळपट, आतून पाणी झालेली. केतकी उठायच्या आत मी ती कागदात गुंडाळून कुंपणापलीकडे टाकायचे.

"आज कमी दिसतात," ती म्हणायची.

"मोठ्या झाल्या ना. झाडावर गेल्या."

"कशा गेल्या?"

"चालत."

"मला न सांगता?"

मी डहाळे बदलायला उठायचे.

असं करता करता एकच उरली. ती मात्र धडधाकट होती. कात टाकत टाकत माझ्या करंगळीएवढी झाली, मग अंगठ्याएवढी. अर्जुनाच्या कोवळ्या पानासारखी हिरवी, इतकी की पानावर बसलेली असली तरी शोधावी लागे. फक्त दोन्ही कुशींवर पाऱ्याचे थेंब चिकटल्यासारखे चकचकायचे. कात टाकायच्या आधी ती डोकं उचलून दिवसभर तशीच स्तब्ध बसायची.

"ती ऐकते आहे," केतकी कुजबुजली.

"काय ऐकते?"

"माहीत नाही. पण ऐकते."

मी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसून द्यायला लागले. मुंगी लागू नये म्हणून तांब्या पाण्याच्या परातीत ठेवला. हेमंत ऑफिसला निघताना चिडवायचा, "अहो बाईसाहेब, लस पण देऊन आणा तिला, पोलिओचा डोस राहिलाय!" मी हसायचे, पण मनात एकच घोकत असायचे: ही जगली पाहिजे. मला या पोरीला पुन्हा काही गेल्याचं सांगायला लागू नये. पडवीत केतकीचा आवाज परत आला होता आणि तो या एका अळीच्या जिवावर आला होता, हे मला दिसत होतं. एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते, तर ती तांब्याशी बसून बोलत होती: "तू जाऊ नको हं. आणि जायचंच असलं तर सांगून जा. मी रडणार नाही."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी अळीनं खाणं सोडलं. पान पुसून दिलं, तोंडाशी धरलं, तिनं तोंड फिरवलं. ती जराशी लहानही झाल्यासारखी वाटली. चतुर्थीला सकाळी उठून आधी पडवीत गेले. डहाळीवर तशीच होती, हलकेच डोकं फिरवत. जिवंत आहे एवढं बघितलं आणि मोदकांना लागले. सासूबाईंचं सोवळं, हेमंतची मूर्ती आणायची घाई, सारण, तळण. केतकी मधे मधे. उन्हं वर आली तेव्हा जरा सवड मिळाली, तशी मी पडवीत डोकावले.

परात होती. तांब्या होता. तांब्यात काही नव्हतं.

मी टोपली उलटी केली. सतरंजी झटकली. परातीतलं पाणी ओतून बघितलं. दोरीवरचे कपडे एकेक करून उलटे केले. कुठून ती येणार! कावळा आला असेल, पाल आली असेल. मी भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर रांगत गेले, पाणी जायच्या नळीशी वाकले. मनात त्याच वेळी वाक्य जुळवत होते. झाडावर गेली म्हणावं. पण ही तर शेवटची. आणि ही सांगून जाणार होती.

"आई, काय शोधतेस?"

केतकी उंबऱ्यावर उभी होती. नवा परकर, कपाळाला सासूबाईंनी लावलेलं गंध.

"काही नाही गं. तू आत जा."

"अळी ना? ती देवाघरी गेली."

किती सहज म्हणाली. मी जमिनीवर तशीच बसले. ते दोन शब्द तिला कोणी शिकवले, हे विचारायला धीर गोळा करावा लागला. मी दवाखान्यात असताना माझ्या मुलीला काय सांगितलं गेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पाहिलं. चल, दाखवते."

तिनं माझा हात धरला आणि ओढत आत नेलं.

देवघरात पूजा रंगात आली होती. हेमंत सोवळं नेसून पोथी धरून अडखळत वाचत होता. मखरात गणपती बसला होता, प्राणप्रतिष्ठा झालेली, आणि सासूबाई शेजारी बसून पत्रीचं तबक पुढे करत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"पाय वं, यंदा खरा अर्जुन भेटला! बाजारातले तर कोनताबी पाला गठ्ठ्यात बांधून देतेत. म्हटलं, आपल्या पडवीत ताजा डहाळा हाय, पुसलेला, पान्यात ठेवलेला. अळी टोपलीत असंल म्हून मी तो घेऊन आली."

सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. खालची दोन-तीन पानं त्यांनी खुडून वाहिली होती आणि शेंड्याचा तुरा शोभेला म्हणून मुकुटामागे, मखराच्या कमानीत खोचला होता.

"अर्जुनपत्रं समर्पयामि," हेमंत म्हणाला.

"ती बघ," केतकीनं बोट दाखवलं.

मुकुटाच्या वर, पानांच्या आडोशाला, आमची अळी डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होती. समईच्या उजेडात क्षणभर काहीतरी लखलखलं. धागा होता. तिनं दोन पानं जवळ ओढून घेतली होती आणि देठाभोवती वेढे घालत होती.

सासूबाई पुढे वाकल्या. बारीक डोळे करून बघितलं. "माय वं! देवावर किडा!"

हेमंतनं पोथी खाली ठेवली आणि पळीनं तिला उचलायला हात लांब केला.

"नको!" मी आणि केतकी एकदमच ओरडलो. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं, सोवळ्यातल्या माणसाचं, मोदकाच्या तेलकट हातांनी. "अहो, ती कोश करतेय. आता हलवली तर मरेल."

"अगं, पण पूजा..."

आम्ही दोघांनीही सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, झालं आता. मग त्यांनी पदर सावरला.

"प्रतिष्ठा झाली ना? मंग देवापासचं काई हालवता येत नाही. उंदराले त्याच्यापाशी जागा हाय, इले काहून नाही?" आणि मुलाला म्हणाल्या, "वाच तू पुढं. मोदक थंडे व्हऊन राहिले."

जेवणं झाली. हेमंत बाहेरच्या खोलीत लवंडला, सासूबाई शेजारच्या खोलीत बाजेवर. वसाहतीत सामसूम. मी आणि केतकी गणपतीपुढे गार फरशीवर बसलो. समईची ज्योत सरळ उभी होती. पानांच्या मधे आता एक धूसर जाळी तयार झाली होती आणि जाळीच्या आत हिरवं काहीतरी वळत होतं, पुन्हा वळत होतं. बघता बघता जाळी दाट होत होती, आतलं हिरवं फिकट होत होतं, जसं कोणी खिडकीच्या काचेवर श्वास सोडत जावं. किती वेळ बसलो, सांगता येत नाही. त्या कोशाचं पुढे काय झालं, यावर आमचं आजही जमत नाही. केतकी म्हणते, पुढच्या पावसाळ्यात पाखरू निघालं, तिनं स्वतः पाहिलं. मला आठवतं ते असं, की आमची बदली झाली तेव्हा मखराच्या पुठ्ठ्यासकट तो बंदच होता. दोघी आपापल्या ठिकाणी खऱ्या असू.

"आई," ती हळूच म्हणाली.

"हं."

"अळी देवाघरी गेली, तर दिसते ना?"

"हो, दिसते."

"मग बाळ का दिसत नाही?"

मी तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघत नव्हती. देवांकडे बघत होती.

"मी रोज बघते. कृष्णाच्या मागे बघितलं. फोटोंच्या मागे बघितलं. शंखात पण बघितलं. ते छोटं आहे ना, शंखात मावेल. भात ठेवते त्याला. मुंग्याच खाऊन टाकतात."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. नेहमीची वाक्यं एकामागून एक समोर आली, सगळी मऊ मऊ. त्याचं चांदणं झालं. त्याला बाप्पानं नेलं. पण बाप्पा इथे समोर बसला होता, आणि ही त्याच्या पाठीमागे सगळं शोधून आली होती.

"बाळ इथे नाही, केतू."

"मग कुठंय?"

"कुठेच नाही. ते मेलं."

आमच्या घरात तो शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. मी मोठ्यानं बोलले नव्हते, तरी शेजारच्या खोलीत बाज करकरली.

"मेलं म्हणजे?"

"म्हणजे त्याचा श्वास थांबला. फार लहान होतं ते. डॉक्टरांनी खूप केलं, तरी थांबला. मग बाबांनी त्याला नागपूरला मातीत ठेवलं. आता ते येणार नाही."

"आणि झाडावर गेलेल्या अळ्या?"

"त्या झाडावर नाही गेल्या. त्याही मेल्या."

"सगळ्या?"

"ही एक सोडून."

"ही मरणार?"

"माहीत नाही मला," मी म्हणाले. "बहुतेक नाही. पण माहीत नाही."

तिनं बराच वेळ परकराची किनार चुरगळली. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते लपलेलं नव्हतं? मला वाटलं, माझ्याशी खेळायचं नाही म्हणून लपलंय."

"नाही गं राणी. लपलेलं नव्हतं."

तेव्हा ती रडली. माझ्या मांडीत डोकं खुपसून, मोठ्यानं, पहिल्यासारखं हुंदके देऊन. मी तिला गप्प केलं नाही. खूप वेळानं नाक पुसत तिनं वर बघितलं.

"कसं होतं गं ते?"

इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तू कशी आहेस, सगळे विचारून गेले. तो कसा होता, कोणीच नाही.

"केस खूप होते त्याला," मी म्हणाले. "काळे, ओले, कपाळाला चिकटलेले. बोटं लांब लांब. माझं बोट धरलं होतं त्यानं एकदा, असं. रडला की मांजरीच्या पिल्लासारखा आवाज यायचा. आणि कान तुझे. अगदी तुझे. वरची पाळी अशी दुमडलेली."

केतकीनं आपला कान चाचपून पाहिला.

"आन नाक?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधीच्या, कोण जाणे. त्या दिवसांत केतकीला सांभाळायला त्या इथेच थांबल्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलाच नव्हता.

"नाक कोनाचं व्हतं वं?"

"तुमचं," मी म्हणाले.

त्या हळूहळू खाली बसल्या, आमच्या शेजारी, फरशीवर. पदरानं दोन्ही डोळे पुसले, ऑपरेशनचाही आणि राहिलेलाही.

"सांग," त्या म्हणाल्या. "अजून सांग."